पीव्हीडीएफची फिल्म: स्फटिक कोणता, आणि तो कोणत्या अंगाने बसलाय?

रत्नागिरीत एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने पीव्हीडीएफ हा पॉलिमर डीएमएफ या द्रावकात विरघळवून काचपट्टीवर ओतला आणि साधारण ३० मायक्रॉन जाडीची फिल्म केली. जुलैत फिल्म दुधासारखी पांढरी झाली, म्हणून पुढची फिल्म ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला सुकवली. ती स्वच्छ पारदर्शक निघाली. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) २०.४ अंशांवर एकच रुंद शिखर दिसलं, म्हणून 'बीटा फेज मिळाली' असं अहवालात लिहिलं. (फेज म्हणजे स्फटिकरचनेचा प्रकार; दाबावर व्होल्टेज द्यायला बीटा लागते.) पण दाब दिला तरी व्होल्टेज येत नाही. स्पिन कोटरवर (पट्टी वेगाने फिरवून द्रावण पातळ पसरवणाऱ्या यंत्रावर) केलेल्या आणि वितळवून थंड केलेल्या दुसऱ्या, १०० नॅनोमीटरच्या नमुन्यात तर शिखरच नाही. तो नमुना स्फटिकी नाहीच का, आणि ओरिएंटेशन, म्हणजे स्फटिकांची बसण्याची दिशा, ठरवायची कशी, असं तिने विचारलंय.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. साखळ्यांनी कोणती स्फटिकरचना घेतली, हा पहिला. ते स्फटिक काचेच्या पृष्ठभागाशी कोणत्या अंगाने बसलेत, हा दुसरा. एकाच थीटा–टू थीटा आलेखातून (एक्सआरडीच्या नेहमीच्या आलेखातून) दोन्हींची उत्तरं काढायला गेलं की घोटाळा होतो. छापून आलेल्या निबंधांतही तो दिसतो, त्यामुळे तुम्ही एकट्याच गोंधळलेल्या नाही. मी दोन्ही प्रश्न वेगळे करून सांगतो.

आधी रचना. अल्फा फेजमध्ये साखळी वळणं घेत जाते. दोन मोनोमर मिळून ४.६२ अँगस्ट्रॉमला एक आवर्तन पूर्ण होतं, आणि शेजारशेजारच्या साखळ्यांचे द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांच्या जोड्या) एकमेकांना रद्द करतात. बीटामध्ये साखळी सरळ ताणलेली असते, आवर्तन २.५६ अँगस्ट्रॉमचं. फ्लोरिन सगळे एका अंगाला आणि हायड्रोजन दुसऱ्या अंगाला, त्यामुळे द्विध्रुवांची बेरीज होते. गॅमा या दोन्हींच्या मधली. तांब्याच्या क्ष-किरणांनी पाहिलं तर अल्फाची शिखरं १७.७, १८.३, १९.९ आणि २६.६ अंशांजवळ येतात. बीटाची (११०) आणि (२००) ही दोन प्रतलं (अणूंचे समांतर थर) जवळजवळ एकाच अंतरावर असल्याने २०.६ च्या आसपास एकच शिखर दिसतं. म्हणजे अल्फाचं मुख्य शिखर आणि बीटाचं शिखर यांत अंतर आहे जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाचं.

आता तुमची काचपट्टी होल्डरमध्ये कशी बसवली होती ते आठवा. पावडरसाठी केलेल्या होल्डरवर एक मिलीमीटर जाडीची पट्टी नुसती वर ठेवली, तर फिल्मचा पृष्ठभाग असायला हवा त्यापेक्षा एक मिलीमीटर वर जातो. गोनिओमीटरची (यंत्राच्या कोन मोजणाऱ्या भागाची) त्रिज्या २०० मिलीमीटर धरली तर या कोनाजवळ एवढ्या उंचीने शिखर सुमारे ०.५६ अंशांनी पुढे सरकतं. १९.९ मध्ये ०.५६ मिळवा: २०.४६. तुमच्या अहवालातला आकडा जवळपास हाच आहे. काचपट्टीच्या जाडीने अल्फाला बीटा करून टाकलं असण्याची शक्यता मला इथे बरीच वाटते, कारण १२० अंशांवर सुकवलेल्या फिल्मकडून अपेक्षाही अल्फाचीच आहे. खात्री करणं सोपं आहे. फिल्मवर सिलिकॉनची बारीक पूड अगदी चिमूटभर भुरभुरा. तिचं (१११) शिखर २८.४४ अंशांवर यायला हवं. ते २९ वर आलं, तर सगळा आलेख तेवढा मागे न्यायचा. सिलिकॉन नसेल तर शुद्ध प्रतीचं मीठ बारीक घोटून वापरता येतं, त्याचं मोठं शिखर ३१.७ ला येतं. मात्र पावसाळ्यात हे करू नका. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून ओघळायला लागतं, आणि जुलैत आपल्याकडे ती ८५-९० च्या घरात असते.

काचेची आणखी एक अडचण आहे. ३० मायक्रॉनची पॉलिमर फिल्म क्ष-किरणांना पुरतं अडवत नाही, त्यामुळे खालची काच दिसतेच. काचेचा पसरट उंचवटा २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात येतो आणि अल्फाची लहान शिखरं त्यात बुडतात. तुम्हाला एकच रुंद शिखर दिसलं यामागे हेही असू शकतं. जाड फिल्म काचेवरून सोलून काढा (पट्टी थोडा वेळ पाण्यात ठेवली की फिल्म अलगद सुटते) आणि मोकळीच मोजा.

फेज ठरवायला माझा भर एफटीआयआरवर (अवरक्त किरणांचं अवशोषण मोजण्यावर) असतो, आणि तुमच्या कामासाठी तेच पुरेसं आहे. ७६३, ७९५ आणि ९७५ प्रति सेंटीमीटर या अल्फाच्या खुणा. ८४० चा पट्टा दिसला म्हणून लगेच बीटा म्हणू नका, तो गॅमालाही असतो. १२७५ दिसला तर बीटा, १२३४ दिसला तर गॅमा. फक्त अल्फा आणि बीटाच असतील तेव्हा ग्रेगोरिओ आणि सेस्तारी यांचं १९९४ चं सूत्र वापरतात: बीटाचा वाटा = ८४० चं अवशोषण ÷ (१.२६ × ७६३ चं अवशोषण + ८४० चं अवशोषण). १२३४ चा पट्टा ठळक असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. तरी सरसकट वापरलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

सूत्र वापरताना जाडीही बघा. ८४० च्या पट्ट्याचा अवशोषण-गुणांक ७.७ × १०,००० चौरस सेंटीमीटर प्रति मोल आहे. घनता आणि मोनोमरचं वजन घालून हिशेब केला, तर अर्धी बीटा असलेल्या ३० मायक्रॉन फिल्मचं अवशोषण ३ च्या वर जातं. म्हणजे हजारात एकही किरण पलीकडे पोचत नाही. पट्टा वर सपाट होतो आणि गुणोत्तराला अर्थ राहत नाही. आरपार मोजायचं असेल तर फिल्म १० मायक्रॉन किंवा त्याहून पातळ हवी. नाहीतर एटीआर (पृष्ठभागावरून परावर्तनाने मोजण्याची पद्धत) वापरा, पण ते वरचे एक-दोन मायक्रॉनच पाहतं. म्हणून काचेची बाजू आणि हवेची बाजू दोन्ही मोजा, बऱ्याचदा त्या सारख्या नसतात. एक सोय मात्र आहे. सुटी फिल्म असल्याने केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइडच्या) गोळीची गरज नाही. पावसाळ्यात केबीआर कोरडं ठेवणं किती जिकिरीचं असतं हे किनाऱ्यावर काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता पांढऱ्या फिल्मकडे येतो, कारण तुमच्या सगळ्या अडचणींची सुरुवात तिथून झाली. डीएमएफ पाणी ओढून घेतो. पीव्हीडीएफला मात्र पाणी अजिबात चालत नाही. ओतलेला थर सुकत असताना हवेतली वाफ त्यात शिरते, आणि पॉलिमर पूर्ण सुकण्याआधीच द्रावणापासून वेगळा पडतो. आत बारीक छिद्रांचं जाळं तयार होतं, प्रकाश त्यावर विखुरतो आणि फिल्म पांढरी दिसते. हा पांढरेपणा छिद्रांचा आहे, फेजचा नाही. खरं सांगायचं तर तुमच्या त्या 'बिघडलेल्या' फिल्ममध्ये बीटा जास्त असण्याचीच शक्यता आहे. डीएमएफमधून पीव्हीडीएफ साधारण ७० अंशांखाली स्फटिकला तर मुख्यतः बीटा मिळते, ११० च्या वर मुख्यतः अल्फा आणि मधे मिश्रण. पाऊस टाळण्यासाठी तुम्ही १२० वर गेलात तेव्हा छिद्रं गेली, पण फेजही बदलली.

मग करायचं काय? तापमान ६०-६५ वरच ठेवायचं आणि थराभोवतीची हवा कोरडी करायची. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) हॉटप्लेट ठेवा, तिच्यावर काचपट्टी, आणि पट्टीवर काचेचं मोठं नरसाळं उपडं. नरसाळ्याच्या नळीतून कोरडी हवा अगदी संथ सोडा. मत्स्यटाकीचा छोटा पंप आणि सिलिका जेल भरलेली लांब काचनळी एवढ्यावर काम होतं. जेलचा रंग बदलला की ते १२० अंशांवर भाजून परत वापरायचं. हवेचा झोत जोरात नको, थरावर लाटा उठतात. डीएमएफची बाटलीही तपासा. पावसाळ्यात महिनाभर उघडझाप झालेल्या बाटलीत आधीच पुरेसं पाणी असतं. चार अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) घालून ती दोन दिवस ठेवा. संथ सुकवायचं असेल तर काचेच्या डेसिकेटरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवा, आत आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास टिकते. ॲक्रिलिकचा डबा यासाठी घेऊ नका, डीएमएफची वाफ त्याला खाते.

हे सगळं हूडमध्येच करा. डीएमएफचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट) ५८ अंश आहे, त्यामुळे साध्या बंद ओव्हनमध्ये तो उडवणं धोक्याचं. तो त्वचेतून शरीरात जातो, यकृताला आणि गर्भाला अपायकारक आहे. निळे नायट्राइल हातमोजे त्याला फार वेळ थोपवत नाहीत, ब्यूटिल रबरचे मागवा. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या प्रयोगशाळेत हे काम करायचंच नाही. यात मी कोणाला सूट देत नाही.

एकदा फिल्म पूर्ण सुकली की मात्र आर्द्रतेची चिंता सोडा. पीव्हीडीएफ स्वतः पाणी जवळपास घेतच नाही. जे काही बिघडतं ते ओतल्यापासून सुकेपर्यंतच्या काळात. वितळवून केलेल्या नमुन्यात काळजी वेगळी. थंड होताना पीव्हीडीएफ साधारण १३५-१४० अंशांजवळ स्फटिकतो. नेमकी तेव्हा वीज गेली आणि ओव्हन आपल्या गतीने निवत राहिलं, तर त्या नमुन्याचा इतिहासच बदलला. तो वेगळा नमुना म्हणून नोंदवा, जुन्या रांगेत घालू नका.

आता दुसरा प्रश्न, ओरिएंटेशन.

थीटा–टू थीटा मोजणीत यंत्र फक्त एकाच प्रकारची प्रतलं पाहतं: जी फिल्मच्या पृष्ठभागाला समांतर आहेत ती. पावडरमध्ये स्फटिक सगळ्या दिशांना विखुरलेले असतात, म्हणून सगळी शिखरं येतात. फिल्ममध्ये तसं असेलच असं नाही. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत समोरून पाहिली तर चिऱ्यांची लांब बाजूच दिसते. आखूड बाजू दिसली नाही म्हणून ती चिऱ्याला नाहीच असं कोणी म्हणत नाही. शिखर नाही याचा अर्थ स्फटिक नाही असा होत नाही. त्या प्रतलांनी तुमच्याकडे तोंड केलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं.

पॉलिमरचे स्फटिक पापुद्र्यांसारखे असतात. जाडी साधारण १० ते २० नॅनोमीटर, साखळ्या जाडीच्या दिशेने वरखाली घड्या घालत जातात. हा पापुद्रा काचेवर आडवा पडला तर साखळ्या काचेला लंब उभ्या राहतात, याला फ्लॅट-ऑन म्हणतात. पापुद्रा कडेवर उभा राहिला तर साखळ्या काचेला समांतर, तो एज-ऑन. एज-ऑनमध्ये साखळीच्या बाजूची प्रतलं, म्हणजे (११०) आणि (२००), पृष्ठभागाला समांतर येऊ शकतात आणि २० अंशांजवळचं शिखर ठसठशीत दिसतं. फ्लॅट-ऑनमध्ये ही सगळी प्रतलं उभी असतात आणि शिखर नाहीसं होतं. उरतं ते साखळीच्या लांबीच्या दिशेचं प्रतिबिंब: बीटासाठी ३५ अंशांजवळ, अल्फासाठी ३९ च्या आसपास. दोन्ही दुबळी. तीस अंशांवर मोजणी थांबवली असेल तर ती दिसणारच नाहीत.

तुमचा दुसरा नमुना १०० नॅनोमीटरचा आहे आणि वितळलेल्या अवस्थेतून थंड केलाय. जाडी कमी होत पापुद्र्यांच्या मापाजवळ येते तसतसं त्यांना उभं राहून वाढायला जागा उरत नाही, आणि आडवं पडण्याकडे कल वाढतो. म्हणून फ्लॅट-ऑनचा संशय रास्त आहे. पण दुसरं कारणही तितकंच शक्य आहे. १०० नॅनोमीटरमध्ये पदार्थच इतका थोडा असतो की साध्या पावडर-यंत्राला तो दिसू नये. दोन्ही कारणं वेगळी काढण्यासाठी ग्रेझिंग इन्सिडन्स मोजणी हवी, म्हणजे किरण अगदी घसटता, ०.२ ते ०.५ अंशांनी टाकायचा, म्हणजे तो फिल्ममधून लांबवर जातो. तिथेही जपून. किरण ०.५ अंशांवर स्थिर ठेवून फक्त डिटेक्टर फिरवला, तर २० अंशांवर दिसणारी प्रतलं पृष्ठभागाला समांतर नसतात, साडेनऊ अंशांनी कललेली असतात. या आलेखाची तुलना थीटा–टू थीटाशी थेट करू नका. ओरिएंटेशनचं पूर्ण चित्र द्विमितीय डिटेक्टरवर मिळतं. अख्खं वर्तुळ उमटलं तर स्फटिक विस्कळीत, तुटक कमानी उमटल्या तर शिस्तीत. कमान वर आली की बाजूला, यावरून साखळ्यांची दिशा वाचता येते.

पण एवढं यंत्र हाती येण्याआधी बरंच काही रत्नागिरीतच करता येतं. भूगर्भशास्त्र विभागात खडकांचे पातळ छेद पाहायला ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक असतो, तो मागून घ्या. जाड फिल्ममध्ये स्फेरुलाइट (मध्यातून चहूबाजूंनी वाढलेले गोल स्फटिकपुंज) असतील तर चौकडीचा काळा क्रॉस दिसेल. ताणलेली फिल्म असेल तर मंच फिरवताना दर ९० अंशांनी ती काळी पडेल. फ्लॅट-ऑन भाग कसेही फिरवले तरी काळेच राहतात, कारण प्रकाश साखळीच्या लांबीतून जातो आणि त्या दिशेने बीटाची रचना जवळजवळ षट्कोनी सममितीची आहे. १०० नॅनोमीटरच्या फिल्मला मात्र ही कसोटी लावू नका. तिथे कोणतंही ओरिएंटेशन असलं तरी परिणाम इतका क्षीण असतो की सगळंच काळं दिसतं. मायक्रॉनभर जाडी असेल तर निष्कर्ष काढा, त्याखाली एएफएम (टोकदार सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक). त्यात एज-ऑन पापुद्रे बारीक दोऱ्यांसारखे दिसतात आणि फ्लॅट-ऑन पसरट पत्र्यांसारखे.

डोळ्याला सराव हवा असेल तर गरी टाकून मासे धरणाऱ्यांकडची 'फ्लोरोकार्बन' गळदोरी आणा. ती पीव्हीडीएफचीच असते, आणि ओढून केलेली असल्याने साखळ्या दोरीच्या लांबीने रांगेत लागलेल्या असतात. ओरिएंटेशनचा माहीत असलेला नमुना म्हणून ती उत्तम आहे. फेज मात्र तिची वेगळी तपासा, ओढलेली आहे म्हणून बीटाच असेल असं गृहीत धरू नका.

आणखी एक बिनखर्चाची चाचणी. सोललेल्या जाड फिल्मचा आलेख घ्या. मग तीच फिल्म कात्रीने अगदी बारीक तुकडे करून, सगळीकडे विस्कटून, होल्डरमध्ये भरून परत घ्या. दोन्हींत शिखरांची गुणोत्तरं सारखी आली तर फिल्ममध्ये फारसं ओरिएंटेशन नव्हतं. बदलली तर होतं. खलात घोटू नका, यांत्रिक ताणाने अल्फाची बीटा होऊ शकते. स्फटिकता किती हे विचारायचं असेल तर ते काम डीएससीचं (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्राचं). पूर्ण स्फटिकी अल्फाची वितळण्याची उष्णता १०४.५ ज्यूल प्रति ग्रॅम धरतात, त्याच्याशी तुलना करा. डीएससीला दिशा कळत नाही, आणि अल्फा व बीटाचे वितळणांक इतके जवळ आहेत की फेजसाठीही तिच्यावर विसंबू नये.

व्होल्टेजबद्दल थोडक्यात. कावाई यांनी १९६९ मध्ये पीव्हीडीएफचा पायझो परिणाम (दाबाने वीज निर्माण होणं) दाखवला तो ताणलेल्या आणि पोलिंग केलेल्या (तीव्र विद्युत क्षेत्राने द्विध्रुव एका दिशेला वळवलेल्या) फिल्ममध्ये. बीटा फेज असणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. वेगवेगळ्या स्फटिकांचे द्विध्रुव सगळीकडे तोंडं करून असतील तर बेरीज शून्य. अल्फा फिल्म ८० अंशांजवळ चार-पाच पट ताणली की बरीचशी बीटा होते आणि साखळ्याही रांगेत येतात. मग ५० ते १०० मेगाव्होल्ट प्रति मीटर क्षेत्र द्यावं लागतं. ३० मायक्रॉनला हे १५०० ते ३००० व्होल्ट होतात, त्यामुळे सिलिकॉन तेलात बुडवून आणि मार्गदर्शक समोर असतानाच. छिद्रं असलेली पांढरी फिल्म इथे टिकत नाही, ठिणगी पडून भोक पडतं. इथेही साखळीची दिशा महत्त्वाची: द्विध्रुव साखळीला लंब असतो, म्हणून साखळ्या काचेला समांतर असतील तरच तो वर-खाली फिरू शकतो. फ्लॅट-ऑन थराला कितीही व्होल्ट दिले तरी उभ्या दिशेने ध्रुवण मिळत नाही. म्हणूनच पीव्हीडीएफ-टीआरएफई कोपॉलिमरच्या (दोन मोनोमर मिळून केलेल्या पॉलिमरच्या) पातळ फिल्म वितळणांकाच्या खालीच तापवतात. एकदा वितळल्या की साखळ्या उभ्या राहतात आणि गुण जातो. आणि बोटाने टिचकी मारून आलेलं व्होल्टेज पुरावा मानू नका. घर्षणाची स्थिर वीजही ऑसिलोस्कोपवर अगदी तशीच दिसते.

बाहेर मोजणीसाठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि पवईचं आयआयटी दोन्हीकडे बाहेरच्यांना सुविधा आहे, आय-स्टेम पोर्टलवर उपकरणं शोधता येतात. आंबा घाट उतरून परत यायचंच आहे, तर एका फेरीत पुरेसं काम करा. ऑपरेटरला आधीच सांगा: मोजणी १० ते ४५ अंशांपर्यंत हवी, नमुन्याची उंची जुळवून हवी, आणि कोरी काचपट्टी किंवा कोरी सिलिकॉन वेफर त्याच सेटिंगवर वेगळी मोजून हवी. ग्रेझिंग मोजणीसाठी पातळ फिल्म काचेऐवजी सिलिकॉनवर केलेली न्या. एकाच फिल्मचे तीन तुकडे ठेवा: एक एक्सआरडीला, एक एफटीआयआरला, एक न हलवता घरी. अहवालातला 'बीटा फेज मिळाली' हा शब्दप्रयोग तोवर काढून ठेवा. ७६३ आणि १२७५ पैकी कोणता पट्टा आहे हे पाहिल्यावर पहिल्या नमुन्याचा निकाल एका दिवसात लागेल. दुसऱ्याचा ग्रेझिंग मोजणी आणि एएफएम झाल्यावर.